स्त्री-अभ्यासात एम.ए. केल्यावर नोकरी: कुठे शोधायची, तयारी कशी करायची

स्त्री-अभ्यास किंवा लिंगभाव अभ्यासातली पदवी हातात आल्यावर पहिली अडचण येते ती जाहिरात वाचताना. शैक्षणिक अर्हतेच्या रकान्यात समाजकार्य असतं, समाजशास्त्र असतं, विधी असतं, मानसशास्त्र आणि गृहविज्ञानही असतं. आपल्या विषयाचं नाव मात्र क्वचितच दिसतं. वास्तविक या विषयाचं पहिलं संशोधन केंद्र देशात महाराष्ट्रातच निघालं, १९७४ साली, एसएनडीटी महिला विद्यापीठात. आज एसएनडीटी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, गोवा विद्यापीठ अशा ठिकाणी हा विषय शिकता येतो. कामाची गरजही आहे. पण पदवीच्या नावावर दार उघडेल या भरवशावर राहिलं तर वर्ष-दीड वर्ष सहज वाया जातं. एक ठोस काम करता येतं हे कागदावर दाखवता आलं, तर याच पदवीला वजन येतं. म्हणून एम.ए.चं दुसरं वर्ष सुरू होण्याआधी एक वाट निवडा आणि तिच्यासाठी पुरावे जमवायला लागा.

जाहिरात कशी वाचायची

सरकारी किंवा निमसरकारी जाहिरातीत तीन गोष्टी आधी बघा. पहिली, अर्हतेत "सामाजिक शास्त्रातील पदव्युत्तर पदवी" असं मोघम लिहिलंय की विषयांची नावं दिली आहेत. मोघम असेल तर बिनधास्त अर्ज करा. नावं असतील आणि पुढे "किंवा समकक्ष" असेल, तर आपली पदवी समाजशास्त्राला किंवा समाजकार्याला समकक्ष आहे असं विद्यापीठाचं पत्र आधीच घेऊन ठेवा. कागदपत्रं पडताळणीच्या टेबलावर उमेदवार बाद होतात ते बहुतेक इथेच, आणि तिथे तोंडी खुलासा कोणी ऐकत नाही. असं पत्र मिळायला वेळ लागतो, त्यामुळे शेवटच्या सत्रातच विभागप्रमुखांमार्फत अर्ज द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे पद कायम आहे, कंत्राटी आहे की बाह्ययंत्रणेमार्फत भरलं जातंय. तिसरी, अनुभव "संबंधित क्षेत्रातील" हवा की "पदवीनंतरचा". पदवीनंतरचा मागितला असेल तर शिकत असताना केलेली इंटर्नशिप धरली जात नाही. शुद्धिपत्रकही शोधून वाचा, कारण अर्हतेतला बदल पुष्कळदा त्यातच असतो.

महिला व बालविकास आयुक्तालयाची संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारीत स्त्रीला मदत करणारा), परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) यांसारखी पदं सरळसेवेने भरली जातात. परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी असते. स्त्री-अभ्यासाचं ज्ञान इथे गुण मिळवून देत नाही, ते रुजू झाल्यावर कामाला येतं. तेव्हा अभ्यास इतर स्पर्धा परीक्षांसारखाच करावा लागतो, हे मनाशी पक्कं असू द्या.

पदवी चालू असतानाचे तास

नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या विद्यापीठांत एम.ए.च्या पहिल्या वर्षी चार श्रेयांकांचं कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प असतो. म्हणजे जवळपास १२० तास. बरेच विद्यार्थी ते घराजवळच्या संस्थेत सही-शिक्क्यापुरते उरकतात. या विषयाच्या विद्यार्थ्याला याहून महागात पडणारी चूक दुसरी नाही. ज्या प्रकारची नोकरी हवी आहे तिथेच हे तास घाला. संस्थेकडून "सहभाग घेतला" एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र घेऊ नका. काय केलं, किती नोंदी तपासल्या, कोणता अहवाल लिहिला, हे तपशिलात मागून घ्या. बहुतेक संस्था आनंदाने देतात, फक्त मसुदा आपण करून न्यायचा.

शोधप्रबंधाचा विषय निवडतानाही हाच विचार करा. "साहित्यातील स्त्रीप्रतिमा" हा विषय वाईट नाही. पण तुम्हाला संरक्षण अधिकारी व्हायचं असेल तर तुमच्या तालुक्यातल्या न्यायालयात कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जांचं पुढे काय होतं, हा विषय मुलाखतीत दहा मिनिटं तुमच्या बाजूने बोलतो.

हिंसाग्रस्त स्त्रियांसोबतचं काम

सगळ्यात जास्त माणसं लागतात ती इथे. सखी वन स्टॉप सेंटर (हिंसाग्रस्त स्त्रीला एकाच ठिकाणी सगळी मदत देणारं सरकारी केंद्र), महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन, पोलीस ठाण्यांतले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष, महापालिका रुग्णालयांतली दिलासा समुपदेशन केंद्रं आणि पुण्याच्या नारी समता मंचासारख्या, सासवडच्या मासूमसारख्या जुन्या संस्था. विशेष कक्षाची सुरुवात १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा संस्थेने केली आणि पुढे तो राज्य शासनाने स्वीकारला. दिलासाची सुरुवात २००० मध्ये मुंबई महापालिका आणि आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सेहत या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात केली.

आधी एक मर्यादा नीट समजून घ्या. "समुपदेशक" या पदासाठी बहुतेक ठिकाणी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा मानसशास्त्राची पदवी मागतात, आणि ते गैर नाही. स्त्री-अभ्यासाच्या पदवीने मानसोपचार करता येत नाहीत. तुमच्यासाठी योग्य पदं म्हणजे केसवर्कर (एकेका स्त्रीचं प्रकरण हाताळणारी व्यक्ती), प्रकल्प समन्वयक, प्रशिक्षक, दस्तऐवजीकरण अधिकारी. समुपदेशनच करायचं असेल तर त्यासाठीचं वेगळं शिक्षण घ्या, त्याला पर्याय नाही.

केसवर्करच्या कामाचा कणा म्हणजे नोंद. मुलाखतीत पुष्कळदा एक प्रसंग सांगून "याची नोंद लिहून दाखवा" असं म्हणतात. कच्ची नोंद अशी असते: "पती दारू पिऊन त्रास देतो, अर्जदार खूप घाबरलेली आहे." या नोंदीचा न्यायालयात काडीचा उपयोग नाही. पक्की नोंद अशी: "१२ तारखेला रात्री अंदाजे दहा वाजता जेवणावरून वाद. पतीने लाटण्याने डाव्या दंडावर दोनदा मारले. सासू हजर. दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात तपासणी, केसपेपर अर्जदाराकडे आहे. मुलगी (७) सोबत, मुलगा (४) सासरी. पगाराचे एटीएम कार्ड पतीकडे. अर्जदाराला आज हवे ते: मुलाचा ताबा, कार्ड परत, राहत्या घरातून कोणी काढू नये." या सहा-सात ओळींत शारीरिक हिंसा आहे, आर्थिक हिंसा आहे, साक्षीदार आणि कागद आहेत, आणि मुख्य म्हणजे तिची स्वतःची मागणी तिच्या शब्दांत आहे. "खूप घाबरलेली" हे आपलं मत झालं. तिने सांगितलेलं आणि आपल्याला वाटलेलं यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही.

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५चा, अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्यातली एवढी कलमं तोंडपाठ हवीत: १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, १८ संरक्षण, १९ निवास, २० आर्थिक साहाय्य, २१ मुलांचा ताबा, २२ नुकसानभरपाई. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतं, म्हणून अंतरिम आदेशासाठी कलम २३चा अर्ज सुरुवातीलाच जोडायचा असतो. नवीन केसवर्कर हे विसरतात आणि बाई महिनोन्‌महिने रिकाम्या हाताने तारखांना जात राहते. घटना अहवालाचा नमुना, ज्याला सगळे डीआयआर म्हणतात, नियमांतच जोडलेला आहे. तो छापून घ्या आणि दोन-चार काल्पनिक प्रसंगांवर हाताने भरून बघा. कोणत्या रकान्यात अडखळायला होतं ते तेव्हाच कळतं.

इथे तुमच्या अभ्यासक्रमाचा खरा फायदा दिसतो. पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रात समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी जी फुले-आंबेडकरी स्त्रीवादी परंपरा रुजवली, तिच्यामुळे महाराष्ट्रातला विद्यार्थी जात आणि लिंगभाव यांच्याकडे एकत्र बघायला शिकतो. हे केस टेबलावर थेट उपयोगी पडतं. अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीवर दुसऱ्या समाजातल्या व्यक्तीने अत्याचार केला असेल, तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. मग तपास किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि तिला टप्प्याटप्प्याने शासकीय अर्थसाहाय्य मिळतं. तक्रार घेताना जात विचारायला संकोच वाटला आणि ते कलम राहून गेलं, तर तिचा हक्काचा पैसा आणि वरिष्ठ पातळीवरचा तपास दोन्ही अडकतात. मुलाखतीत हे स्वतःहून सांगा. समोरच्यांना लगेच कळतं की या उमेदवाराला पुस्तकातलं टेबलावर आणता येतं.

पगाराबाबत स्पष्ट असू द्या. यातली पुष्कळ पदं कंत्राटी मानधनाची आहेत आणि केंद्र सरकारचा हप्ता रखडला की मानधनही रखडतं. रुजू होताना दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी असावा.

पॉश: अंतर्गत समित्यांभोवतीचं काम

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३चा, त्यालाच पॉश म्हणतात. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि एक बाहेरची सदस्य, अशी रचना. समिती न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड. कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात समितीची माहिती २०१८ पासून द्यावी लागते आणि आता तक्रारींचे आकडेही. त्यामुळे जाणकार माणसांना मागणी आहे. पण नवपदवीधर लगेच बाह्य सदस्य होऊ शकत नाही, हे आधीच सांगायला हवं.

नियमात दोन वाटा आहेत. स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेची प्रतिनिधी म्हणून, किंवा विषयाची जाणकार व्यक्ती म्हणून. जाणकारीसाठी नियमाने सामाजिक कार्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव किंवा कामगार, सेवा, दिवाणी, फौजदारी कायद्याची माहिती धरली आहे. तेव्हा पहिली काही वर्षं पॉशवर काम करणाऱ्या संस्थेत किंवा सल्लागार फर्ममध्ये घालवा. चौकशीला प्रेक्षक म्हणून बसता येत नाही, कलम १६ची गोपनीयता आड येते. मग शिकायचं कसं? धोरणांचे मसुदे, वार्षिक अहवाल, प्रशिक्षणाचं साहित्य आणि अभिरूप (सरावापुरती केलेली) चौकशी यांतून. आणखी एक संधी कॉलेजातच आहे: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१५च्या विनियमांप्रमाणे उच्चशिक्षण संस्थांच्या समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी निवडून जातात. तक्रार विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर ते बसतात. या निवडणुकीला उभं राहायला फारसं कोणी पुढे येत नाही. तुम्ही राहा.

चौकशीचं वेळापत्रक बोटांवर असायला हवं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रार आल्यावर सात कामकाजी दिवसांत विरुद्ध पक्षाला प्रत. त्याचं उत्तर दहा कामकाजी दिवसांत. चौकशी ९० दिवसांत पूर्ण, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, मालकाची कारवाई ६० दिवसांत. बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर. वकील कोणत्याही बाजूने उभा राहू शकत नाही. समेट फक्त तक्रारदाराने मागितला तरच, आणि पैसे देऊन मिटवता येत नाही.

चौकश्या फसतात त्या हेतूपेक्षा रीतीवर. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी बडतर्फीचा आदेश रद्द करून चौकशी पुन्हा समितीकडे पाठवली, कारण समितीने शेवटी घाई केली आणि बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. त्याच निकालात देशभरातल्या समित्या खरोखर नेमल्या आहेत का, हे तपासण्याचे निर्देश न्यायालयाने दिले. तक्रारदार स्त्रीला न्याय मिळावा असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने प्रक्रिया सर्वांत काटेकोर पाळायला हवी. कच्ची चौकशी रद्द झाली की तिला सगळं पुन्हा सांगावं लागतं, आणि ते सोसणं सोपं नसतं.

मराठीतून बोलणाऱ्या पदवीधरांसाठी खरी जागा कारखान्यांत आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी इथल्या कंपन्यांत इंग्रजी स्लाइडवर प्रशिक्षण उरकलं जातं आणि कंत्राटी कामगार स्त्रिया मान डोलावून लाइनवर परत जातात. पाऊण तासाचं मराठी सत्र तयार करा: तीन प्रसंग, तेही त्यांच्या कामाच्या जागेतले (कंपनीची बस, कपडे बदलायची खोली, ठेकेदाराच्या मुकादमाचा फोन), समितीतल्या सदस्यांची नावं, तक्रार लिहून द्यायची साधी पद्धत आणि लिहिता येत नसेल तर काय. कायद्याप्रमाणे तिला तक्रार लिहायला मदत करणं हे समितीचं कामच आहे, हे जवळजवळ कोणालाच माहीत नसतं. एका सत्रात पन्नासपेक्षा जास्त माणसं घेऊ नका, प्रश्न विचारले जात नाहीत. सुपरवायझरांचं सत्र वेगळं ठेवा, नाहीतर त्यांच्यासमोर बायका बोलत नाहीत.

स्वतंत्रपणे काम करताना अर्ध्या दिवसाचा दर ठरवा, प्रवास आणि छपाई वेगळी लिहा. नियमांत बाह्य सदस्यासाठी दिवसाला २०० रुपये भत्ता आहे. पण कंपनीने तेवढाच द्यावा असं कुठे म्हटलेलं नाही. शुल्कातून टीडीएस कापला जातो, म्हणून विवरणपत्र दर वर्षी भरा.

बचतगट, निधी आणि प्रकल्प

महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासून आहे. ग्रामीण भागात बचतगटांसाठीचं सरकारी उमेद अभियान आहे. तालुका आणि प्रभाग पातळीवर समन्वयकांची पदं निघतात. इथे लिंगभावाच्या सिद्धान्ताआधी बँक जोडणी, गटाचं लेखा-पुस्तक, कर्जाची परतफेड समजावी लागते. फिरती भरपूर, दुचाकी चालवता येणं जवळपास अटच. ज्याला गावपातळीवर काम करायची खरी ओढ आहे त्यानेच इकडे वळावं.

शहरी प्रकल्पांत पैसा सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामासाठीच्या निधीतून येतो. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्त्री-पुरुष समानता हा विषय आहे, आणि निधी घेणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ या अर्जाने नोंदणी लागते. २०२० नंतर परदेशी निधी एका संस्थेकडून दुसरीला देता येत नाही आणि त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर आणला गेला. लहान संस्थांतल्या बऱ्याच जागा त्यामुळे आटल्या. परिणामी, प्रस्ताव लिहिता येणारी आणि खर्चाचं विवरण समजणारी व्यक्ती आज संस्थांना सर्वांत आधी हवी असते.

आकडेवारी आणि संशोधन

संशोधन संस्था आणि मूल्यमापनाची कामं पगाराला बरी असतात, पण आकड्यांची भीती सोडावी लागते. एक्सेलमधलं पिव्हट टेबल (आकड्यांचा गोषवारा काढणारा तक्ता), कोबो टूलबॉक्सवर (सर्वेक्षणाची माहिती गोळा करायचं साधन) प्रश्नावली, जमलं तर आर हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर, एवढं पुरे. नमुना म्हणून स्वतःच एक काम करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या होत्या. आधीच्या फेरीत हे प्रमाण २६.३ टक्के होतं. जिल्हावार तक्ते मोफत मिळतात. परभणी, बीड वर का आहेत, ऊसतोडीच्या स्थलांतराशी त्याचा संबंध कसा तपासता येईल, आणि या सर्वेक्षणातून काय सिद्ध करता येत नाही, यावर दोन पानांचं टिपण लिहा. शेवटचा मुद्दा गाळू नका. संशोधन संस्था तोच आधी वाचतात.

केंद्राच्या अर्थसंकल्पात २००५-०६ पासून लिंगभाव विवरणपत्र असतं. एखाद्या विभागाची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांची तुलना हाही उत्तम नमुना ठरतो.

अध्यापन

यूजीसी नेटमध्ये (सहायक प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) स्त्री-अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, क्रमांक ७४. एम.ए.ला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५० टक्के लागतात. दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीला गुण कापत नाहीत. जेआरएफ (संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपये. ती हुकली तर पीएचडीसाठी राज्य शासनाच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बघाव्यात.

अडचण नेटची नाही, जागांची आहे. महाविद्यालयांत स्त्री-अभ्यासाचे स्वतंत्र विभाग मोजके, आणि जाहिराती निघतात त्या समाजशास्त्राच्या, राज्यशास्त्राच्या. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं अडकलेले प्राध्यापक सगळीकडे दिसतात. प्राध्यापकीच करायची असेल तर बी.ए. ज्या विषयात केलं त्यातली एम.ए.ही दूरस्थ पद्धतीने पूर्ण करून त्या विषयाची नेट द्या. दोन वर्षं जास्त जातात, पण अर्ज करता येतील अशा जागा कित्येक पटींनी वाढतात.

अर्ज, मुलाखत, करारपत्र

बायोडेटात "स्त्रीवादी दृष्टिकोनाची सखोल जाण" असं लिहिलेलं कोणी वाचत नाही. त्याऐवजी "तालुका न्यायालयातल्या अर्जांचा अभ्यास, ४० प्रकरणे, अंतरिम आदेशाला लागलेला काळ" असं लिहा, अर्थात जेवढं खरं असेल तेवढंच. सोबत दोन नमुने जोडा: एक काल्पनिक केस नोंद आणि दोन पानी टिपण. खऱ्या तक्रारदाराची माहिती नमुन्यात गेली तर निवड हुकेल हे तर सोडाच, तिच्या जिवावर बेतू शकतं.

मुलाखतीत "खोट्या तक्रारी होतात का?" हा प्रश्न हमखास येतो. वाद घालू नका. पॉश कायद्याच्या कलम १४मध्ये हेतुपुरस्सर खोट्या तक्रारीची तरतूद आहे आणि केवळ सिद्ध करता आली नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही त्याच कलमात आहे, एवढं शांतपणे सांगा.

करारपत्रावर सही करण्याआधी विचारा: प्रकल्प कधी संपतो, मानधन कोणत्या तारखेला होतं, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, फिरतीचा खर्च आगाऊ मिळतो की बिलं देऊन, आणि रात्री-अपरात्री केस आली तर वाहनाची सोय कोणाची. संस्था स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करते म्हणून हे विचारायला संकोचू नका. तिथे अंतर्गत समिती आहे का, हेही विचारा, आणि सदस्यांची नावं लेखी मागून घ्या.